कोपऱ्यातली चिकटपट्टी

११ जानेवारी

दर वर्षी डायरी सुरू करते आणि फेब्रुवारीच्या तोंडावर ती सामानाच्या याद्यांना वापरते. या वर्षी लिहायला कारण आहे. कंपनीत नवे साहेब आलेत.

आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या छोट्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करते. आकडे भरायचे, रिपोर्ट छापायचा, एवढंच काम. पण ते चारशे बारा लॅबमध्ये चालतं. वर्षातून दोनदा अपडेट पाठवायचं, ही आमच्या थोरल्या साहेबांची रीत. ते निवृत्त झाले. नव्यांनी आज सगळ्यांना उभं करून सांगितलं की यापुढे दर पंधरा दिवसांनी अपडेट जाईल.

"लोकांना सतत काहीतरी नवीन दिसलं पाहिजे," म्हणाले.

मी विचारलं, "लोकांनी मागितलंय का?"

साहेब नुसते हसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं नाव पंधरवडे साहेब पडलं होतं. कोणी पाडलं माहीत नाही. (मीच पाडलं.)

चाचणीला आम्ही पाच जण होतो. तिघांना दुसऱ्या कामाला जुंपलं, एक सोडून गेला. उरलो मी आणि आजोबा. आजोबा म्हणजे कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. थोरले साहेब म्हणायचे, आपल्या टेबलांवर नवी यंत्रं आहेत, लॅबवाल्यांकडे मात्र अशीच आहेत, तेव्हा आजोबांनी होकार दिल्याशिवाय अपडेट दाराबाहेर पडायचं नाही. आजोबा जागे व्हायला चाळीस मिनिटं घेतात. तोवर मी टेबल आवरते, फुलझाडांना पाणी घालते, लोकांच्या कामात नाक खुपसते. मग चाचणी आणि मग वहीत सही. एकवीस वर्षं ती सही माझी आहे. ऑफिसात मला माझ्या माघारी खुसपटताई म्हणतात. हल्ली तोंडावरही म्हणतात.

२४ जानेवारी

पहिलं पंधरवडी अपडेट गेलं. साहेबांनी सगळ्यांदेखत तीनदा विचारलं, "अजून किती?" तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "झालं. पाठवा." आणि सही ठोकली.

आजोबांना उठवलंच नाही. दोन वर्षांत त्यांनी एकही चूक पकडलेली नाही. एकदा नाही लावलं तर काय बिघडतं?

घरी लवकर आले. हे चकित झाले. यांचं गाडी शिकवण्याचं काम, त्यामुळे घाई करणाऱ्या माणसाकडे हे आधी संशयानेच बघतात. "ऑफिसला आग लागली की काय?" म्हणाले.

१० फेब्रुवारी

दुसरं अपडेट काल गेलं आणि आज सकाळपासून फोन खणखणतायत. तक्रारी घेणारी आमची मैत्रीण, जिला सगळे खिडकी म्हणतात, तिला पाणी प्यायलाही उसंत नव्हती. रिपोर्टाच्या तळाशी डॉक्टरांची सही अर्धी कापली जातेय. मी हे मंगळवारी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं होतं, "पुढच्या वेळी बघू."

संध्याकाळी ताईचा फोन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची स्वतःची लॅब आहे, तीस वर्षांची, आणि आमचं सॉफ्टवेअर तिने केवळ माझ्या भिडेखातर घेतलेलं.

"बारके, तुमच्या कंपनीने डॉक्टरांचं मुंडकं छाटलं गं."

"ताई, मी सांगितलं होतं त्यांना."

"तू सांगून काय उपयोग? माझे पेशंट दारात उभे आहेत."

मी खूप बोलले मग. कंपनी कशी बदलली, कोणाला कामाची चाड कशी उरली नाही. ताईने ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "बाकी मलाही हल्ली काही धड जमत नाही. डोळे दाखवून आले. नवा चष्मा लागला." मी म्हटलं, वय झालं की लागतोच.

२५ फेब्रुवारी

तिसऱ्या अपडेटमध्ये 'जतन करा' आणि 'पुसून टाका' या बटणांच्या जागा बदलल्या. कशासाठी? तर दिसायला बरं वाटतं. वीस वर्षं ज्यांच्या बोटाला डावीकडे जायची सवय, त्यांनी दिवसभराचं काम पुसून टाकलं. खिडकी आज बाथरूममध्ये जाऊन रडून आली. मी तिला चहा करून दिला आणि पंधरवडे साहेबांच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली.

सॉफ्टवेअर एका दिवसात बिघडत नाही, असं माझं मत झालंय. आधी पाचाचे दोन होतात, मग दोनाचा एक, मग "पुढच्या वेळी बघू" हे वाक्य आठवड्यातून एकदा ऐकू येतं, मग रोज. माणसं तीच असतात. हे सगळं मी यांना जेवताना ऐकवलं. यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "मी रोज सकाळी शिकवणी सुरू करण्याआधी ब्रेक दाबून बघतो. रोज लागतो. म्हणून काय बघायचं सोडू?"

तेच तर. आमच्याकडे हे कोणालाच कळत नाही.

६ मार्च

आज सुट्टी टाकून ताईच्या लॅबमध्ये गेले. तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेली. रक्त काढल्यावर दंडावर लावतात ती.

"हे काय?"

"तुमचं ते येतं ना, 'नवीन अपडेट आलं आहे, आता घ्या की नंतर?' तेवढ्यावर बरोबर बसते. दिसायलाच नको आणि भुलायलाही नको. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, आता घेणार नाही. तिसरं तर काढून टाकायला लावलं मी तुमच्या त्या खिडकीकडूनच फोनवर. दुसरंही काढलं. जानेवारीतलं आहे ते बरं आहे."

मी हसले, पण आतून चरकले. आमच्या अपडेटवर चिकटपट्टी!

ताईचं काम बघत बसले. पूर्वी तिचा हात सटासट चालायचा. आता पडद्यावर पेशंट आला की ती डोळे मिटते, तोंडाने एक ते पाच मोजते, डोळे उघडते, पुन्हा वाचते आणि मग प्रिंट दाबते. छापलेला कागद आपल्या जाड वहीशी ताडून बघते. प्रत्येक पेशंटला असंच. मी म्हटलं, "ताई, ही काय पूजा मांडलीस?" तर म्हणाली, "आता अशीच सवय लावून घेतलीय."

निघताना तिने सांगितलं की एकतीस मार्चला लॅब बंद करतेय. जागेच्या मालकाला सांगूनही झालंय.

"अगं, का पण?"

"माझ्या हातून चुका व्हायला लागल्या, बारके. रक्ताच्या कामात चूक म्हणजे खेळ नाही. काही विपरीत होण्याआधी थांबलेलं बरं."

मी पुष्कळ समजावलं. ती नळ्या धूत राहिली. ताईसारखी बाई आयुष्यात दुसरी पाहिली नाही मी, आणि तीही थकली. परतताना बसमध्ये मला फार वाईट वाटत होतं. काही करता येण्यासारखं दिसत नाही.

१२ मार्च

काय लिहू. आधी घडलं ते लिहिते.

आजोबांना भंगारात काढायचं ठरलंय, त्यांच्या माथ्यावर तशी चिठ्ठी लागली. मला गलबलून आलं. म्हटलं, जाण्याआधी एकदा बसू यांच्यापाशी. चालू केले. एकीकडे फोनवर खिडकीशी बोलत होते, त्यामुळे हात आपोआप चालला: पेशंट बदल, प्रिंट, पेशंट बदल, प्रिंट. तिसरा कागद हातात घेतला आणि फोन तसाच खाली ठेवला.

नाव नव्या पेशंटचं, वय नव्याचं, आणि ब्लड ग्रुप आधीच्या पेशंटचा.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. आजोबा सावकाश, त्यामुळे नवा पेशंट पडद्यावर पुरता यायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात प्रिंट दाबलं की ती एक चौकट जुनीच छापली जाते. पडद्यावर मागाहून बघावं तर सगळं बरोबर! आमच्या नव्या यंत्रांवर पेशंट डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो, म्हणून तिथे कधीच दिसणार नाही.

कुठल्या अपडेटपासून हे घुसलं ते एकेक मागे जाऊन तपासलं. चौथं अजून निघायचंय, पण तिसऱ्यात आहे. दुसऱ्यात आहे. पहिल्यात आहे. त्याच्या आधीच्यात नाही.

म्हणजे चोवीस जानेवारी. त्यानंतरच्या दोन्ही वेळांनाही मी आजोबांना उठवलं नव्हतं. मी ही डायरी उघडून त्या दिवसाचं पान वाचलं. "एकदा नाही लावलं तर काय बिघडतं?" माझंच अक्षर.

दोन महिने मी घरीदारी ज्याला त्याला सांगत फिरतेय की कामाची चाड कोणाला उरली नाही.

तडक ताईला फोन लावला. म्हटलं, पेशंट बदलल्यावर लगेच प्रिंट दाबू नकोस, थोडं थांबत जा, गडबड होऊ शकते. ती म्हणाली, "मी मोजतेच की पाच." माझा जीव भांड्यात पडला. सहीचं मात्र बोलले नाही.

१३ मार्च

साहेबांना आजोबांसमोर बसवून दाखवलं. म्हणाले, "माझ्या आईचे रिपोर्ट अशाच एका लॅबमधून येतात." मग सगळी कामं बाजूला सारून दुरुस्ती करायला लावली. दुरुस्तीबरोबर एक यादीही निघेल, म्हणजे चोवीस जानेवारीपासून कोणते रिपोर्ट असे घाईत छापले गेले ते लॅबला कळेल.

आज सगळ्यांना फोन करून सावध करावं, असं मी म्हटलं. साहेब म्हणाले दोन दिवसांत दुरुस्ती जातेच आहे, उगाच घबराट नको. मी गप्प बसले. का बसले, ते मला ठाऊक आहे. घबराट झाली की लोक विचारतात, सही कोणाची.

१७ मार्च

आजोबांवर पूर्ण दिवस घासूनपुसून तपासलं आणि दुरुस्ती परवा गेली. सोबत नेहमीचाच मजकूर: "विविध सुधारणा."

चारशे बारापैकी घेतली किती जणांनी? एकतीस.

खिडकीने चार लॅबना विचारून बघितलं. एकाने सांगितलं, "तुमचं अपडेट म्हणजे नवं दुखणं. आम्ही 'नंतर' दाबतो." दुसऱ्याने तर ते येऊच नये म्हणून इंटरनेटची वायर काढून ठेवलीय. आणि मला ताईची चिकटपट्टी आठवली. पहिलं अपडेट सगळ्यांनी विश्वासाने घेतलं, त्यातच चूक होती. पुढच्या दोघांनी विश्वास घालवला. आता औषध दाराशी आहे आणि कोणी दार उघडत नाही.

१८ मार्च

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. रात्रभर घोकलेलं सगळं विसरले आणि सरळ सांगितलं. "'विविध सुधारणा' लिहून कोणी घेणार नाही. खरं लिहा."

"मॅडम, कंपनीची अब्रू जाईल."

"ती गेलीय, म्हणूनच 'नंतर' दाबतायत." मग श्वास घेतला. "आणि अजून एक. चोवीस जानेवारीला मी आजोबांवर तपासलं नव्हतं. न तपासता सही केली."

साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मला वाटलं, आता राजीनामा मागतात.

"तीनदा विचारलं होतं मी," म्हणाले. "अजून किती, म्हणून."

"विचारलंत. पण सही माझी आहे."

"घाई माझी होती. दोन्ही लिहा."

मी लिहिलेला मजकूर इथे उतरवून ठेवते:

"नमस्कार. चोवीस जानेवारीच्या अपडेटमध्ये आमच्याकडून चूक झाली. कॉम्प्युटर जुना असेल आणि पेशंट बदलताच प्रिंट दाबलं, तर आधीच्या पेशंटचा ब्लड ग्रुप छापला जाऊ शकतो. असा रिपोर्ट आपल्याकडे निघाला असेल तर ती आपली चूक नाही, आमची आहे. जुन्या कॉम्प्युटरवर तपासल्याशिवाय काही पाठवायचं नाही हा आमचा नियम. त्या दिवशी घाई केली गेली आणि मी न तपासता सही केली. या अपडेटमध्ये दोनच गोष्टी आहेत: ती चूक काढली आहे, आणि कोणते रिपोर्ट पुन्हा पाहायचे त्यांची यादी मिळेल. एकही बटण हललेलं नाही. शंका असेल तर फोन करा, माणूस बोलेल."

खाली माझं पूर्ण नाव, त्याखाली साहेबांचं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "बटणाचं वाक्य ठेवायचंच का?" मी म्हटलं, तेच पहिलं वाचतील.

२० मार्च

मजकूर गेला आणि आम्ही फोनवर बसलो. मी, खिडकी आणि साहेब. होय, साहेबसुद्धा. पहिल्याच फोनवर त्यांना कोणीतरी दहा मिनिटं झाडलं. ते नुसते "हो, बरोबर आहे, हो" म्हणत होते, कान लाल झाले होते. ठेवल्यावर म्हणाले, "रोज असं असतं?" खिडकी म्हणाली, "आज बरं आहे." मला त्यांची दया आली, हे मी इथे कबूल करते. पंधरवडे म्हणायचं बंद करायला हवं.

मला एका लॅबवाल्यांनी विचारलं, "मजकूर वाचला. ती सही केलेल्या बाई तुम्हीच का?" म्हटलं, मीच. मग म्हणाले, "आमच्याकडे चूक झाल्यावर कोणी असं लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं. पाठवा, घेतो."

संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस.

२३ मार्च

तीनशे नव्वद. आतापर्यंत अठ्ठावन्न रिपोर्ट संशयाचे निघाले. लॅबवाल्यांनी त्या-त्या पेशंटना बोलावून पुन्हा तपासले. त्यांच्यापैकी कोणालाही रक्त चढवलेलं नव्हतं. आणि चढवण्याआधी इस्पितळात पुन्हा तपासतातच, असं साहेब म्हणाले. दैव बलवत्तर, दुसरं काय. पण दैवाच्या भरवशावर सही करण्यासाठी मला पगार मिळत नाही.

फोन करायच्या लॅबच्या माझ्या यादीत ताईचं नाव होतं. रोज ते सगळ्यात खाली सरकवत आले. खिडकी म्हणाली, मी करते फोन. म्हटलं, नको. मी जाऊन येते.

२४ मार्च

ताई टेबलाशी होती. खोकी बांधायला काढलेली, अर्ध्या फडताळात नुसते धुळीचे चौकोन. मी छापून नेलेला मजकूर तिच्या हातात दिला. तिने नवा चष्मा लावून वाचला. मग परत वर जाऊन वाचला.

"ही सही तू केलीस?"

"हो."

"न बघता?"

"हो, ताई."

मीच कोपऱ्यातली चिकटपट्टी उचलली, 'आता घ्या' दाबलं. दोन मिनिटांत अपडेट झालं आणि यादी निघाली. पाच रिपोर्ट. पाचही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातले.

ताईने जाड वही ओढली आणि पानं उलटायला लागली. पहिलं नाव सापडलं. त्याच्यापुढे तिच्या हाताने लाल शाईत लिहिलं होतं: 'छपाईत चूक, पेशंटला देण्याआधी बदलला. माझी नजरचूक.' दुसऱ्यापुढे तेच. पाचही नावांपुढे तेच, आणि पाचव्यापुढे जास्त होतं: 'पुन्हा माझीच चूक. डोळे दाखवणे.'

आता कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. फेब्रुवारीतला तो फोन, चष्मा, ते पाच मोजणं, ही रिकामी फडताळं.

"मला कागदावर चुकीचं दिसायचं," ताई हळूहळू म्हणाली, "कॉम्प्युटरवर बघायला जावं तर बरोबर. पाच वेळा झालं. मी म्हटलं, तीस वर्षं झाली, आता आपलं डोकं चालेना. कोणाला सांगायचं? आधी डोळे मिटून, पाच मोजून, लक्ष लावून बघायला लागले, तेव्हापासून झालं नाही. मला वाटलं लक्ष लावल्यामुळे." तिने चष्मा काढला. "म्हणजे मी ठीक होते?"

"तू ठीक होतीस, ताई. तू एकही चुकीचा कागद बाहेर जाऊ दिला नाहीस."

मग ती रडली. मला वाटलं होतं ती मला फैलावर घेईल, पण ती नुसती वहीवर हात ठेवून रडत राहिली. मीही रडले. नळ्या फिरवणारं यंत्र घरघरत होतं, ते थांबलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले आणि फैलावर घेतलं. अगदी लहानपणी घ्यायची तसं. बिनडोक, घायकुती, स्वतःला शहाणी समजणारी. मी मान खाली घालून ऐकलं. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"दोन महिने मी स्वतःला म्हातारी समजत होते, बारके."

"चुकलं माझं."

"बस आता. ते खोकं सोड आधी."

आम्ही दोघींनी मिळून सामान परत फडताळात लावलं. मालकाला फोन तिने माझ्यासमोरच केला.

७ एप्रिल

चारशे बारापैकी चारशे अकरा. एक लॅब आधीच बंद झालेली आहे, ती कोणत्या कारणाने, हे विचारायला मी फोन केला. मालक मुलाकडे राहायला गेलेत, दुसरं काही नाही. तरी विचारल्याशिवाय चैन पडलं नाही.

आता अपडेट तीन महिन्यांतून एकदा. जुन्या गटातले दोघे चाचणीत परत आले. आजोबांच्या माथ्यावरची चिठ्ठी साहेबांनी स्वतः काढली, डिंक काही सुटला नाही, कपाळावर डाग राहिलाय.

ताईच्या पडद्यावरची ती चिकटपट्टी या पानावर लावून ठेवली आहे. ताई अजून पाच मोजते. मी म्हटलं, आता गरज नाही. म्हणाली, "तुझ्या सहीचा भरवसा बसेपर्यंत मोजणार."

आज एक छोटी दुरुस्ती पाठवायची होती. साडेदहाला आजोबांना चालू केलं. अकराला साहेब आले आणि सवयीने विचारलं, "अजून किती?" मग स्वतःच थबकले.

मी आजोबांकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. आम्ही दोघं पडद्याकडे बघत चहा प्यायलो.